ठोकळ्यांचे झाड



या भित्तिपत्रकाच्या खाली टेबलावर एक झाड उभे आहे. ते प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे आहे आणि त्याची एक फांदी पांढरी आहे. फांदी पांढरी का, ते पुढे येईलच. मधल्या सुटीत पाचवी-सहावीची मुले रोज विचारतात, "हे केलं कसं?" एकेकाला सांगता सांगता घसा कोरडा पडतो. गुरुजी म्हणाले, "तोंडानं किती सांगशील? लिहूनच काढ." म्हणून हा पाठ.

कोणालाही झाड बांध म्हटले की तो चार ठोकळ्यांचा खांब रचतो आणि वर हिरवा चेंडू ठेवतो. याला झाड म्हणायचे तर वावरातल्या बुजगावण्यालाही माणूस म्हणावे लागेल. झाड बांधायचे असेल तर आधी कोणते झाड, ते ठरवले पाहिजे. नुसते 'झाड' असे झाड जगात कुठेच नाही. निंब असतो, चिंच असते, बाभूळ असते.

आता जरा डोळे मिटून पाहा. बाभळीचा माथा वरून चपटा, उघडलेल्या छत्रीसारखा. पण तिचीच बहीण रामकाठी बाभूळ, ती उभ्या खराट्यासारखी सरळ वर जाते. शिंदीला फांद्याच नाहीत, एकच खांब आणि डोक्यावर झावळ्यांचा झुबका. मेळघाटातला साग शिपायासारखा ताठ आणि त्याचे पान ताटाएवढे. वडाला वरून खाली येणाऱ्या पारंब्या. उंबराची तर गंमतच आहे, त्याची फळे बारीक डहाळीला न लागता थेट खोडाला आणि जाड फांद्यांना घोसांनी लागतात. आपल्या अमरावतीचे जुने नाव उदुंबरावती होते आणि ते उंबराच्या झाडांवरून पडले, असे सांगतात. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या नावातच झाड आहे, आणि आपण खांबावर चेंडू ठेवतो!

आता ठोकळ्याकडे वळू. आपल्या शाळेच्या पेटीत एकूण ४१२ ठोकळे आहेत. एका ठोकळ्याची उंची पट्टीने नीट मोजता येत नाही, कारण मिलिमीटरच्या खुणेच्या मध्येच तो संपतो. अशा वेळी दहा ठोकळे एकावर एक लावावेत आणि सगळ्यांची उंची मोजावी. ती ९६ मि.मी. भरली. भागिले दहा, म्हणजे एकाची ९.६ मि.मी. वरच्या दोन बटणांमधले अंतर असेच मोजले, ते ८ मि.मी. आले. पेटीत काही पातळ ठोकळेही आहेत, त्यांना आम्ही 'चपटी' म्हणतो. तीन चपट्या मिळून एका ठोकळ्याएवढ्या उंच होतात. म्हणजे एका चपटीची उंची ३.२ मि.मी. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. पुढचे सगळे गणित त्यांच्यावरच आहे.

या खेळाची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. युरोपात डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. तिथल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियानसेन नावाचे सुतार होते. त्यांनी १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली. १९३४ साली त्यांनी कारखान्याला 'लेगो' हे नाव दिले. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची सुरुवातीची अक्षरे जोडून ते केलेले आहे. १९४९ साली त्यांनी प्लॅस्टिकच्या विटा काढल्या. पण त्या आतून पोकळ होत्या, त्यामुळे एकमेकींना घट्ट धरत नसत. मग १९५८ साली विटेच्या पोटात नळ्या बसवल्या. खालच्या विटेची बटणे वरच्या विटेच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये दाबून बसू लागली, आणि पकड आली. आपल्या पेटीतला ठोकळा उलटा करून पाहा, त्या नळ्या दिसतील. आपली पेटी त्या कारखान्याची नाही, पण युक्ती तीच आहे.

आठ बटणांच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ निरनिराळ्या तऱ्हांनी जोडता येतात. सहा विटा घेतल्या तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हा होतात. तेव्हा "माझं बांधून झालं, आता दुसरं काही करण्यासारखं नाही" असे कोणी म्हणू नये.

आणखी एक. २०१८ सालापासून हा लेगो कारखाना आपल्या संचांतली झाडे, पाने आणि झुडपे उसापासून केलेल्या प्लॅस्टिकची करू लागला. उसापासून मद्यार्क, मद्यार्कापासून वायू, वायूपासून प्लॅस्टिक, असा तो प्रवास आहे. उसाचे रोप प्लॅस्टिकचे पान होऊन खेळण्यात येते, हे वाचून मला हसूच आले. आमच्याकडे हेच काम ज्वारीच्या धांड्यावर पूर्वीपासून होत आले आहे, तेही कारखान्याशिवाय. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

टेबलावरचे झाड म्हणजे आपल्या फाट्यावरचा निंब. गावच्या रस्त्याच्या रुंदीकरणात तो जाणार, हे त्याच्या खोडावर लाल रंगाचा आकडा पडला तेव्हाच कळले. आकडा पडल्यावर झाड किती दिवस उभे राहते, ते काही सांगता येत नाही. गुरुजी म्हणाले, "फोटो तर सगळेच काढतील. आपण माप घेऊ." सातवीचा वर्ग दोरी, मीटरपट्टी आणि वही घेऊन फाट्यावर गेला.

पहिले माप घेराचे. खोडाचा घेर अगदी बुडाशी घेत नाहीत, कारण तिथे मुळांमुळे ते फुगलेले असते. जमिनीपासून साधारण १ मीटर ३७ सें.मी. उंचीवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर घेतात. वनखात्याची मोजणीही याच उंचीवर होते. दोरी गुंडाळली, मग पट्टीवर मोजली. घेर २२० सें.मी. भरला. घेराला २२/७ ने भागले की व्यास मिळतो. २२० गुणिले ७ भागिले २२, म्हणजे व्यास ७० सें.मी. झाला. सातवीच्या पुस्तकात वर्तुळाचा पाठ आहे, त्याचा उपयोग काय असे विचारणाऱ्यांनी हे वाचावे.

दुसरे माप उंचीचे. निंबावर चढून दोरी सोडायची नाही, हे बाईंनी आधीच बजावले होते. त्यासाठी सोपी युक्ती आहे. हात डोळ्यासमोर सरळ लांब करा. डोळ्यापासून मुठीपर्यंतचे अंतर मोजा. त्याच्या निम्म्या लांबीची काडी मुठीत उभी धरा. एक डोळा मिटा आणि मागे मागे जात राहा. काडीचे खालचे टोक झाडाच्या बुडाशी आणि वरचे टोक शेंड्याशी जुळले की थांबा. तिथून झाडापर्यंतचे अंतर मोजा, त्याच्या निम्मे म्हणजे झाडाची उंची. आम्ही २५ मीटरवर थांबलो, म्हणजे उंची साडेबारा मीटर आली. पण निंबाचा माथा पसरट असतो. समोरून पाहताना पुढे आलेली फांदीच शेंड्यासारखी दिसते आणि खरा शेंडा तिच्यामागे दडतो. त्यामुळे अशा झाडाची उंची या पद्धतीने थोडी जास्तच येते. म्हणून आम्ही अर्धा मीटर वजा करून १२ मीटर धरली. साग किंवा रामकाठी असती तर वजाबाकी करावी लागली नसती.

तिसरे माप विस्ताराचे. फांद्यांच्या टोकांच्या बरोबर खाली चार दिशांना चार मुले उभी केली. समोरासमोरच्या मुलांमधले अंतर एका बाजूने १० मीटर, दुसऱ्या बाजूने साडेनऊ मीटर आले. पहिली फांदी जमिनीपासून अडीच मीटरवर फुटत होती, आणि तिथून तीन जाड फांद्या निघत होत्या. त्या कोणत्या दिशेला जातात, तेही वहीत काढून घेतले.

पुढच्याच महिन्यात झाड पडले. या वर्षी पहिलीत आलेल्या काही मुलांना फाट्यावर निंब होता हेच आठवत नाही. ती टेबलाजवळ येऊन विचारतात, "हे झाड कुठं आहे?"

आता प्रमाण ठरवू. आम्ही १ ला ५० घेतले. खरे ५० सें.मी. म्हणजे नमुन्यातला १ सें.मी. मग १२ मीटरचे झाड २४ सें.मी. उंच होते. २४० मि.मी. भागिले ९.६ केले, तर बरोबर २५ थर आले. विस्तार १० मीटर, म्हणजे २० सें.मी., म्हणजे २५ बटणे. उंचीलाही २५ आणि रुंदीलाही २५. गुरुजींनी दोनदा पडताळून पाहिले. खोडाचा व्यास ७० सें.मी., म्हणजे १४ मि.मी. दोन बटणांची रुंदी १६ मि.मी. होते, तेव्हा खोड दोन बाय दोन बटणांचे. अडीच मीटरपर्यंत नुसते खोड, म्हणजे ५ सें.मी., म्हणजे साधारण पाच थर. वरचे वीस थर फांद्यांचे आणि पानांचे.

बांधकाम पायापासून सुरू करावे. खोड दोन बटणांचे आणि वरचा पसारा पंचवीस बटणांचा असल्यामुळे झाड कलंडणारच. म्हणून खाली मोठी चौकोनी पाटी हवी. पाटी नसेल तर आठ बाय आठ बटणांचा चौथरा बांधावा आणि त्याच्या पोकळीत गिट्टीचे खडे भरावेत. पहिल्या थराला खोड चार बाय चार बटणांचे करावे. त्याने झाडाला बूड येते आणि पकडही चौपट होते.

खोड रचताना गवंडीकाकांकडे पाहा. ते वरच्या विटेचा सांधा खालच्या विटेच्या मधोमध आणतात. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथेच उभी चिरते. आपले खोड बारीक असल्यामुळे प्रत्येक थरात एकच दोन बाय दोनचा ठोकळा बसतो आणि सांधा मोडायला जागाच राहत नाही. त्यावर उपाय असा की काही थरांत दोन बटणी ठोकळे शेजारी शेजारी ठेवावेत, एका थरात पूर्व-पश्चिम आणि पुढच्या थरात उत्तर-दक्षिण. घरातल्या बाजेची वीण आठवा, तसेच ते होते. खोड मग हलवले तरी सुटत नाही.

सगळ्यात मजा फांद्यांत आहे. फांदी बाहेर काढायची म्हणजे प्रत्येक थर खालच्यापेक्षा एक बटण पुढे सरकवायचा. जुन्या हेमाडपंती देवळाच्या छताकडे मान वर करून पाहिलेत ना? तिथे दगडांचे थर असेच एकापुढे एक सरकत मध्यभागी येतात. ठोकळा वापरला तर फांदी ८ मि.मी. पुढे जाते आणि ९.६ मि.मी. वर चढते. कोनमापकाने मोजले तर साधारण ५० अंश येतात. चपटी वापरली तर ८ मि.मी. पुढे आणि फक्त ३.२ मि.मी. वर, म्हणजे साधारण २२ अंश. निंबाच्या फांद्या उभट चढतात, त्यांना ठोकळे घ्यावेत. बाभळीच्या माथ्याला चपट्या घ्याव्यात. चिंचेच्या खालच्या फांद्या जवळजवळ आडव्या असतात, तिथे आधी दोन ठोकळे आणि मग चपट्याच चपट्या. कोणता कोन घ्यायचा, हे झाडालाच विचारावे. झाडासमोर उभे राहून हाताने फांदीचा कोन धरून पाहिला की ते कळते.

फांद्या किती जाड घ्यायच्या? इथे इटलीतले मोठे चित्रकार लिओनार्दो दा विंची मदतीला येतात. ते १४५२ ते १५१९ या काळात होऊन गेले. त्यांनी आपल्या वहीत नोंद करून ठेवली आहे की झाडाच्या कोणत्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्या खोडाएवढ्याच जाड होतात. इथे जाडी म्हणजे कापलेल्या तोंडाचे क्षेत्रफळ, नुसती रुंदी नव्हे. मला आधी हे खरे वाटेना. म्हणून शाळेमागच्या बाभळीला दोरी लावली. खोडाचा घेर ५० सें.मी., वरच्या दोन फांद्यांचे ४१ आणि २९. आता वर्ग करा. ५० चा वर्ग २५००. ४१ चा १६८१ आणि २९ चा ८४१, दोन्ही मिळून २५२२. तंतोतंत नाही, पण किती जवळ! प्रत्येक झाडाला हे इतके जुळत नाही, हेही सांगितले पाहिजे. चिंचेला बराच फरक पडला.

निंबाला हाच हिशेब लावला. खोडाचा व्यास ७०, त्याचा वर्ग ४९००. आपल्या ठोकळ्याचे एक बटण म्हणजे १ ला ५० या प्रमाणात खरे ४० सें.मी. ४० चा वर्ग १६०० आणि तीन फांद्यांचे ४८००. म्हणजे तीन फांद्या एकेक बटण जाडीच्या घेतल्या की हिशेब जमला. झाडालाही तीनच जाड फांद्या होत्या.

एक बटण जाडीच्या फांदीत एक अडचण येते. एकाच बटणावर बसलेला ठोकळा भिंगरीसारखा फिरतो. दोन बटणांवर बसलेला फिरत नाही. म्हणून दर तिसऱ्या थराला दोन बटणींऐवजी तीन बटणी ठोकळा घालावा. तो खालच्या ठोकळ्याची दोन्ही बटणे पकडतो आणि एक बटण पुढेही जातो. पण हे फिरणे प्रत्येक वेळी वाईटच असते असे नाही. ठोकळ्यांच्या चौकटीत फांद्या फक्त चार दिशांना जातात, आणि आपल्या निंबाची एक फांदी नैर्ऋत्येला होती. तिथे मुद्दाम एका बटणाचा सांधा ठेवून फांदी हवी तेवढी वळवली आणि मग पुढे घट्ट करत नेली. तिन्ही फांद्या एकाच वेळी, थराथराने वाढवाव्यात. एक पुरी करून दुसरी घेतली तर मध्येच तोल जातो.

आता पाने. निंबाचे एक पान पाच-सहा सें.मी. धरले तर आपल्या प्रमाणात ते एक मिलिमीटर होईल. असे पान कोणी करू शकत नाही. म्हणून हिरवा ठोकळा म्हणजे पान समजू नये, तो पानांचा ४० सें.मी.चा झुबका समजावा. हे एकदा डोक्यात बसले की झाड आपोआप चांगले दिसते. झुबके फांद्यांच्या टोकांकडे ठेवावेत आणि आतली बाजू मोकळी सोडावी. निंबाखाली झोपून वर पाहिले आहे का? पाने बाहेरच्या बाजूला उन्हात असतात. आत नुसत्या काड्या दिसतात आणि मधून आभाळ दिसते. तसे आभाळ नमुन्यातूनही दिसले पाहिजे. आमच्या हिशेबाने भरीव माथा केला असता तर आठशेच्या आसपास ठोकळे लागले असते, आणि पेटीत हिरवे होते फक्त ६४. पोकळ माथ्याने झाड हलके झाले आणि ठोकळेही वाचले. तरी हिरवे कमीच पडले. मग ज्वारीच्या धांड्याच्या भेंडाच्या चकत्या हिरव्या रंगवल्या, चोयटीच्या बारीक काड्यांना टोचल्या आणि त्या काड्या फांद्यांना दोऱ्याने बांधल्या. फाल्गुन-चैत्रात निंबाला तांबूस कोवळी पालवी फुटते, म्हणून शेंड्याकडे चार चकत्या तांबड्या केल्या. जवळ जाऊन पाहा, दिसतील.

पांढरी फांदी नंतर आली. झाड टेबलावर ठेवले त्या शनिवारी आमच्या गल्लीतले एक आबाजी शाळेत आले. ते बराच वेळ झाडाभोवती फिरले आणि म्हणाले, "हा आपल्या फाट्यावरचा निंब हाय म्हन्ता? मंग उत्तरेकळची फांदी कुठी गेली?"

"कोणती फांदी, आबाजी? आम्ही मोजलं तेव्हा तिकडं फांदी नव्हती."

"तुमाले कायची दिसन थे! वावधनात मोळली, तवा तुमी पैदाबी नव्हते. कापसाच्या दिवसात तिच्याखाली आमी बंड्या सोळो. आठ-आठ बंड्या राहे तथी."

दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या. त्यांनीही तीच फांदी विचारली. पंचमीला त्यांचे झोके तिच्यावरच असत म्हणे. फांदी किती जाड, यावर मात्र दोघांचे जमेना. आबाजी म्हणत बैलाच्या मानेएवढी, आजी म्हणत मांडीएवढी. आमच्या ठोकळ्यांत ४० सें.मी. पेक्षा बारीक फांदी करताच येत नाही, त्यामुळे ते भांडण तिथेच मिटले. पण आम्ही न पाहिलेली, न मोजलेली फांदी लाल-हिरव्यात कशी घालायची? गुरुजींनी सुचवले की जे मापलेले आहे ते रंगीत ठेवा आणि जे ऐकलेले आहे ते पांढरे. म्हणून ती फांदी पांढरी आहे. माय-बापांनो, तुम्हांला या निंबाचे आणखी काही आठवत असेल, पार केवढा होता, मधाचे पोळे कुठे लागायचे, तर टेबलावरच्या वहीत लिहून जा. लिहिता येत नसेल त्यांनी सातवीतल्या कोणालाही सांगावे, आम्ही लिहून घेऊ. पांढरे ठोकळे अजून एकवीस शिल्लक आहेत.

आता इतर झाडांविषयी थोडेसे. पुष्कळ जण म्हणतात, पेटीत हिरवे कमी आहेत, झाड कसे करू? मी म्हणतो, पेटीत लाल आणि नारिंगी भरपूर आहेत ना, मग पळस करा. फाल्गुनात पळसाला पान नसते, सगळे झाड केशरी फुलांनी पेटलेले असते. पिवळे उरले तर उन्हाळ्यातला बहावा करा. पांढरे-काळे मिळाले तर पानगळीतला साग. खोडाला तपकिरी ठोकळा नाही म्हणून रडू नये. झाडाची साल खरोखर तपकिरी किती वेळा असते? निंबाची साल काळपट-करडी असते. आम्ही खोड लाल ठेवले आणि वरून काळपट कागदाची पट्टी गुंडाळली. निळ्याचे मात्र मला एकही झाड सुचत नाही. निळे विहिरीच्या पाण्याला ठेवा.

वड सगळ्यात सोपा आहे. इतर झाडांच्या फांद्या लांब गेल्या की वाकतात, वडाला मात्र पारंब्यांचे खांब देता येतात आणि ते खरेच असतात. उंबराला खोडावर लाल ठिपके चिकटवायला विसरू नका, नाहीतर तो कोणी ओळखणार नाही. वरूड-मोर्शीकडच्या मामांच्या बागेतला संत्रा करायचा असेल तर तो चार मीटरचा धरून आठ थर पुरतात. त्याचा घेर बुटका, गोल आणि जमिनीलगत असतो. संत्रे या प्रमाणात दीड मिलिमीटरचे होते. त्यासाठी मोहरीचे दाणे नारिंगी रंगवावेत. ज्वारीचा दाणा घेतला तर तो कलिंगडाएवढा दिसेल.

ज्यांच्या घरी ठोकळ्यांची पेटी नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. आमच्या घरीही नाही. वाळलेल्या ज्वारीचा धांडा घ्या आणि चोयटी सोलून काढा. आतले पांढरे भेंड ब्लेडने सारख्या लांबीचे कापले की हव्या तेवढ्या विटा झाल्या. ब्लेड मोठ्या माणसाने चालवावे. चोयटीच्या काड्या म्हणजे बटणे. बाभळीचा काटा म्हणजे खिळा. आमचे बाबा लहानपणी याच सामानाची बंडी, बैल आणि तिफण करत असत. भेंडाच्या झाडात एक मोठा फायदा आहे, फांदी कोणत्याही कोनात टोचता येते, ५० आणि २२ अंशांचे बंधन नाही. हल्ली आमच्या बाजूला सोयाबीन, कापूस आणि तूर जास्त, ज्वारी कमी, त्यामुळे धांडे शोधावे लागतात. खोडाला तुराटी चालते. वाळलेली पऱ्हाटी उलटसुलट करून पाहिली तर तिच्यात अर्धे झाड तयारच सापडते.

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्वट्यूब यांचेही झाड होते. ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. ते कानपूरच्या आय.आय.टी.तून इंजिनियर झाले. १९७८ साली ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यांतल्या शाळांच्या विज्ञान कार्यक्रमात गेले. तिथे आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी काड्या आणि रबरी नळीचे सांधे केले. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अशी शेकडो खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नळीचा दोन सें.मी.चा तुकडा घ्या, मध्ये काट्याने आरपार भोक पाडा आणि त्यातून तिसरी काडी घाला. फांदी फुटली! काड्यांचे गुल आधी खरवडून टाकावेत.

भेंडाचे झाड जपावे लागते. त्याला किडे लागतात, आणि उंदीर तर एका रात्रीत फस्त करतो. झाड डब्यात ठेवून वर निंबाचा वाळलेला पाला टाकावा. शाळेमागे लहान निंब आहे, त्याचा खाली पडलेला पाला घ्या, तोडू नका. ठोकळ्यांच्या झाडाला फक्त धूळ लागते, ती जुन्या ब्रशने झाडावी.

निंब वर्षअखेरपर्यंत टेबलावरच राहील. खिडकीतला पळस मात्र सोमवारी मोडायचा आहे, कारण दुसरीच्या मुलांना बेरीज-वजाबाकीसाठी ठोकळे पाहिजेत. मोजणी केली तेव्हा दोन बटणी लाल ठोकळे तीन कमी भरले. कोणाच्या खिशात किंवा दप्तरात सापडले तर सातवीच्या वर्गात आणून द्यावेत.